पडताळणीचा फोन

‘हं, बोला,’ असं पलीकडून आलं आणि त्याच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक कागदावरच मोडलं. तो ‘हं’ त्याने सहा वर्षांत ऐकला नव्हता. नाकातून किंचित वर जाणारा, जणू समोरच्याचं म्हणणं अर्धं आधीच कळलंय असा. त्याच्या बायकोचा होता तो आधी. मग मुलीने उचलला, पाच-सहा वर्षांची असतानाच, आणि घरात दोन दोन ‘हं’ वावरायला लागले. आता एकच उरला होता आणि तो टेलिफोनच्या काळ्या भोकांतून त्याच्या कानात शिरला होता, दुपारी साडेचार वाजता, ऑफिसात, पडताळणीच्या यादीतल्या सदतिसाव्या नंबरावर. तोंडाने मात्र तो बोलत राहिला. एकतीस वर्षांची सवय. ‘नमस्कार. मी पडताळणी विभागातून बोलतोय. आपण गेल्या महिन्यात कामाच्या समाधानाबद्दल एक फॉर्म भरून दिला होता. त्यातले पाचच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत. आपला पाच मिनिटं वेळ घेऊ का?’ पलीकडे नळ चालू होता, भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘विचारा ना. आज सुट्टीच आहे मला.’

तिने ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कशी? एक तर त्याच्या वरच्या दातांची कवळी दोन वर्षांची, तिला ठाऊकच नसलेली. आणि दुसरं म्हणजे त्याचा हा फोनमधला आवाज. बायको चेष्टा करायची त्याची. कधी घरून फोन करून ऑफिसातल्या कुणाला काही विचारायचं झालं की ती स्वयंपाकघरातून ऐकायची आणि तो फोन ठेवून वळला की म्हणायची, ‘काय गोड बोलतो हो हा माणूस! आमच्याकडे येत नाही तो कधी. पत्ता द्या ना त्याचा.’ दोन पट्ट्या खालचा, साखर विरघळलेला, कुणाचीच बाजू न घेणारा असा तो आवाज होता. नव्या पोरांना शिकवताना तो सांगायचा, तुम्ही माणूस नाही, भिंत आहात. पण ऊबदार भिंत. पोरं हसायची. त्याला ‘सरासरीकाका’ म्हणायची, पाठीमागे आणि आताशा तोंडावरही. ‘सरासरीकाका, चहावर आपण किती समाधानी आहात? एक ते पाच.’ तो ओशाळं हसायचा आणि ‘तीन’ म्हणायचा, कारण काहीतरी म्हणायला हवं. तो ‘तीन’ तोंडातून गेला की मात्र तास-दोन तास त्याचं कामात लक्ष लागायचं नाही.

ऑफिसचं काम सांगायला सोपं. कुठल्यातरी कंपनीला जाणून घ्यायचं असतं की आपली माणसं कामावर खूश आहेत का, आपलं गिऱ्हाईक खूश आहे का. त्यांनी स्वतः विचारलं तर खरं कोण सांगणार? म्हणून हे लोक विचारतात. फॉर्मवर नाव नसतं, नुसता क्रमांक आणि कडेला फोन नंबर. हिंडणारी माणसं फॉर्म भरून आणतात, आणि त्यांनी ते कुठेतरी कट्ट्यावर बसून स्वतःच भरलेले नाहीत ना हे बघायला दर शंभरातल्या दहा जणांना फोन करायचा, पाच प्रश्न पुन्हा विचारायचे, उत्तरं जुळवायची. कोण कुठल्या कंपनीतलं हेही पडताळणी करणाऱ्याला सांगत नाहीत. हे शेवटचं काम त्याच्याकडे. एकतीस वर्षांत त्याला एवढंच कळलं होतं, आणि तेही धड कळलंय की नाही याची त्याला खात्री नव्हती, की समाधान असं काही मोजताच येत नाही. मोजला जातो तो माणसाने मागणं सोडून दिल्याचा दिवस. दहा वर्षं एकाच खुर्चीत बसलेला माणूस नव्यापेक्षा जास्त समाधानी निघतो. पगार कमी असलेला बऱ्याचदा वरच्यापेक्षा पुढे. हे त्याने एकदा ऑफिसातल्या वरच्या मॅडमना म्हणून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, ‘छान आहे हो काका, पण हे अहवालात कुठल्या रकान्यात टाकू?’

‘आपण आपल्या कामाबद्दल एकंदरीत किती समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.’ त्याने पहिला प्रश्न वाचला. ती थांबली. नळ बंद झाला. ‘चार,’ ती म्हणाली. ‘म्हणजे साडेतीन म्हणणार होते, पण अर्धा नाही ना चालत तुमच्यात?’ ‘नाही,’ तो म्हणाला. नवीन पेन्सिल घेऊन त्याने चारभोवती गोल केला आणि तो गोल त्याच्या हाताखाली अंड्यासारखा लांबट झाला. आपण आत्ता थांबायला हवं, हे त्याला माहीत होतं. फोनवर ओळखीचं माणूस निघालं तर तसं सांगून फोन ठेवायचा आणि तो नंबर दुसऱ्याला द्यायचा, हा नियम त्यानेच लिहून काढला होता, त्याच्याच अक्षरातली प्रत भिंतीवर लावलेली होती. पण फोन ठेवला तर काय उरत होतं? तिने नंबर बदलला होता. त्याच्या बहिणीकडे, म्हणजे तिच्या आत्याकडे, नवा नंबर होता, पण आत्या दर खेपेला तेच म्हणायची, ‘दादा, तिने शपथ घातलीय रे. मी काय करू? ठीक आहे ती. कुठल्याशा कंपनीत फोनवर असते.’ सहा वर्षं त्याच्याकडे एक वाक्य होतं, तिला सांगायचं. फक्त एक. ते तो बसस्टॉपवर, न्हाव्याच्या खुर्चीत, पालथा झोपून उशीत म्हणून बघत असे. चूक माझी होती. एवढंच. आणि आता ती तारेच्या पलीकडे ओल्या हातांनी उभी होती आणि तो म्हणत होता, ‘आपल्या कामाच्या वेळा आपल्याला सोयीच्या वाटतात का?’

बायको आजारी पडली तेव्हा मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणाले, तपासणी करू, पण आधी महिनाभर दुखण्याची नोंद ठेवा, सकाळ-संध्याकाळ, शून्य ते दहा. हे काम त्याला असं भावलं की काय सांगावं. त्या भयाच्या दिवसांत हातात धरायला काहीतरी मिळालं. आलेखाचा कागद आणला, पट्टीने रेघा मारल्या, कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. रोज सकाळी पेन्सिल घेऊन तो पलंगापाशी उभा राहायचा. ‘बोल, किती?’ बायको त्याच्या तोंडाकडे बघायची. पेन्सिलीकडे बघायची. ‘तीन,’ म्हणायची. संध्याकाळी पुन्हा ‘तीन’. एकदा ‘चार’ म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं असावं, कारण लगेच म्हणाली, ‘नाही, तीनच लिहा. मघाशी होतं चार.’ रेघ सरळ चालली होती, रुळासारखी. मुलगी एक दिवस त्याला जिन्यात गाठून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही गेलात ना की ती भिंत धरून चालते. मला म्हणाली, आकडा कसला विचारतेस, उभं राहवत नाही गं.’ आणि तो काय म्हणाला? जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून, हातात डबा, तो म्हणाला, ‘तुझ्यापुढे वाढवून सांगते ती. लाडकी ना तू.’ म्हणजे ज्याने आयुष्यभर शिकवलं की माणूस समोर कोण उभं आहे ते पाहून उत्तर देतो, त्याला स्वतःच्या घरात वाटलं की खोटं उत्तर मुलीसमोर मिळतंय आणि खरं आपल्यासमोर. महिन्याने डॉक्टरांनी ती सरळ रेघ पाहिली, म्हणाले, छान, वाढत नाहीये, तपासणी पुढच्या महिन्यात करू. पुढच्या महिन्यात केली तेव्हा ते म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. भले होते ते.

‘वरिष्ठांकडून आपल्याला योग्य वागणूक मिळते का?’ ‘मिळते. पाच. आमच्या बाई चांगल्या आहेत, ओरडतात पण मनात ठेवत नाहीत काही.’ ‘सहकाऱ्यांशी संबंध?’ ‘चार लिहा. एकजण माझा कप वापरतो.’ ती हसली, आणि त्याला हसता येईना, कारण भिंत हसत नाही, आणि हसला असता तर आवाज फुटला असता. पाचवा प्रश्न झाला. पाचही उत्तरं जुळली, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. खरं बोलणाऱ्या माणसाची जुळतात तशी. इथे आभार मानून फोन ठेवायचा असतो. त्याने सगळे प्रश्न असलेल्या लांब फॉर्मचं पान उलटलं आणि सहावा प्रश्न वाचला. मग सातवा. शेजारच्या टेबलावरच्या पोराने मान वर करून पाहिलं. अकराव्याला ती म्हणाली, ‘पाच म्हणाला होतात हो!’ ‘थोडेच राहिलेत,’ तो म्हणाला, त्या गोड आवाजात, आणि त्याला स्वतःची शरम वाटली. ‘बरं,’ ती म्हणाली, ‘विचारा. तुमचीपण नोकरीच आहे म्हणा.’

सतरावा प्रश्न आकड्यांचा नव्हता. गेल्या वर्षात कामावर घडलेला, मनाला समाधान देऊन गेलेला एखादा प्रसंग, थोडक्यात. तिने बराच वेळ घेतला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली असावी. ‘मी लिफ्टच्या कंपनीत आहे,’ ती म्हणाली. ‘लिफ्ट अडकली की आतलं लाल बटण दाबतात ना, त्याच्या पलीकडे मी असते. मिस्त्री पोचेपर्यंत बोलत राहायचं, एवढंच काम. तर एक म्हातारी अडकली होती. पन्नास मिनिटं. धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन गच्चीवर वाळत घालायला निघाली होती. मी तिला म्हटलं, टोपलीत काय काय आहे सांगा बघू. तर एकेक सांगायला लागली. हा नवऱ्याचा सदरा, याचं बटण लोंबतंय. ही सुनेची ओढणी, महाग आहे पण रंग जातो. मग सुनेची गोष्ट, मग नवऱ्याची, मग नवऱ्याच्या बहिणीची, तिचा तर काही कपडाही नव्हता टोपलीत! शेवटी मिस्त्रीने दार उघडलं तर म्हातारी त्याच्यावरच खेकसली, थांब रे जरा, मोजे राहिलेत सांगायचे.’ ती हसत होती. पेन्सिल भराभर चालत होती. उत्तर देणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचं असतं. ‘आणि यात समाधान कशाचं वाटलं?’ हा पोटप्रश्न फॉर्मवर होता, त्याने वाचला. ती थांबली. यावेळी जास्तच. ‘मी तिला एकदाही विचारलं नाही, भीती वाटतेय का म्हणून. विचारलं की लोक नाही म्हणतात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणतात. मोज्यांबद्दल बोलायला लावलं की आवाजावरून आपोआप कळतं, किती घाबरलंय माणूस ते.’ ‘हे आपल्याला कंपनीने शिकवलं?’ हे मात्र फॉर्मवर नव्हतं. ‘छे,’ ती म्हणाली. ‘घरी एक माणूस होता. तो विचारायचा. त्याच्यावरून शिकले.’

घरी एक माणूस होता. त्याने लिहिलं. तो विचारायचा. लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. खिडकीच्या काचेवर पलीकडच्या इमारतीचं ऊन पडून परत त्याच्या टेबलावर आलं होतं, आणि त्या उसन्या उजेडात त्याने लिहिलेले तिचे शब्द त्याला शाळेतल्या पुस्तीसारखे दिसत होते. बायको गेल्यानंतर दोन महिन्यांनी कपाट आवरताना मुलीला दाराआतला तो कागद सापडला होता. ती तो हातात घेऊन बाहेर आली. ओरडली नाही. म्हणाली, ‘हे तीन तुमच्यासाठी होतं बाबा. तुम्ही पेन्सिल घेऊन उभे असायचात म्हणून होतं. तुम्हाला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर चालेल, तुम्हाला कळायला हवं होतं.’ त्या वेळी त्याने काहीही म्हटलं असतं, अगदी रडला जरी असता, तरी पुढचं निराळं झालं असतं असं त्याला वाटतं; कदाचित नसतंही झालं. पण त्याने कागद हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाला, ‘नोंद तर बरोबर होती.’ चार शब्द. रविवारी ती गेली, दोन बॅगा आणि आईची हातशिलाईची पेटी घेऊन.

‘आपल्या कामाबद्दल घरी कुणाशी बोलता का?’ त्याने विचारलं. हा एकविसावा होता. ‘कुणाशी बोलणार? मैत्रीण आहे एक खोलीत, पण तिच्या वेळा उलट्या. आईशी बोलले असते. आईला ती म्हातारी फार...’ आणि तिला ठसका लागला. बोलता बोलता घशात काहीतरी अडकलं, आणि मग थांबेचना, लहानपणी लागायचा तसा, डोळ्यांत पाणी आणणारा, श्वास मागे ओढणारा ठसका. तो ताठ बसला. ‘पाणी पी आधी,’ तो म्हणाला. ‘सावकाश पी. वर बघ.’

पेल्याचा आवाज आला. घोटांचा आला. मग कसलाच आला नाही.

‘बाबा?’

शेजारचं पोर पुन्हा बघत होतं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ‘हो,’ तो म्हणाला, आणि हा आवाज कुठला होता त्यालाच कळेना. फोनमधला नव्हता, घरचाही नव्हता.

‘केव्हा ओळखलंत?’

‘हं म्हणालीस तेव्हा.’

‘आणि तरी एकवीस प्रश्न विचारलेत?’

‘थांबता आलं नाही.’

‘कागदावर होते म्हणून?’ ती म्हणाली. टोमणा होता, पण त्याला धार नव्हती, थकलेला होता. ‘आत्याने दिला का नंबर?’

‘नाही, नाही. तिने नाही दिला. यादीत आला. मला माहीतही नव्हतं तू कुठे... शपथ. यादीत आला.’

‘बरं.’

तिच्याकडे कुठेतरी खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. तिच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी आहे, एवढं त्याला कळलं; सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्याबद्दल काहीतरी, कुणी न सांगता, कळलं. ती फोन ठेवत नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता. आत्ता. बसस्टॉपवरचं, न्हाव्याच्या खुर्चीतलं वाक्य त्याने शोधलं, आणि ते तिथेच होतं, हरवलं नव्हतं, फक्त म्हणून म्हणून गुळगुळीत झालं होतं.

‘चूक माझी होती,’ तो म्हणाला. ‘तू जिन्यात सांगितलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला ऐकायचं नव्हतं गं. तीन ऐकलं की मला ऑफिसला जाता यायचं. आणि ते नंतर जे बोललो, नोंद बरोबर होती म्हणून... ते मी का बोललो मला आजतागायत कळलेलं नाही.’

तो वाट पाहत राहिला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, कधी नव्हे ते आकड्याशिवाय, कागदाशिवाय, आणि पलीकडची शांतता चांगली होती, भरलेली होती. तिच्यातून काय येणार होतं कोण जाणे. पण ती शांतता त्याला सोसवेना. आयुष्यभर माणसांच्या गप्प बसण्याला त्याने पुढचा प्रश्न लावला होता.

‘अजून राग आहे का तुला माझा?’ त्याने विचारलं.

‘नाही हो बाबा,’ ती म्हणाली. ‘राग कसला.’

लगेच म्हणाली. गोड म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली. दुपारभर प्रत्येक उत्तराआधी ती थांबली होती, चार म्हणायला थांबली होती, म्हातारीसाठी थांबली होती, अर्ध्या आकड्यासाठी घुटमळली होती. इथे श्वासाएवढीही जागा नव्हती. अशा उत्तराशेजारी काय खूण करायची हे त्याने कितीतरी पोरांना शिकवलं होतं. त्याला वाटलं, म्हणावं, नको, असं नको सांगूस, खरं सांग, शिव्या दे. पण हेही विचारणंच झालं असतं.

‘बरं वाटलं,’ तो म्हणाला.

‘तब्येत सांभाळा. दात बसवलेत का? बोलणं वेगळं वाटतंय.’

‘हो, वरचे.’

‘या कधीतरी,’ ती म्हणाली. कुठे ते ती बोलली नाही, त्यानेही विचारलं नाही. ‘ठेवू?’

‘ठेव.’

तिने ठेवला. रिसिव्हर कानाला तसाच धरून तो थोडा वेळ बसला. मॅडम त्यांच्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या, हातात चाळीस जणांची नवी यादी होती. ‘काका, सदतीस झाला का? किती वेळ चाललाय!’ ‘झाला,’ तो म्हणाला. ‘ओळखीचं माणूस निघालं. हा रद्द धरा.’ ‘अरे! मग आधीच नाही का सांगायचं?’ ‘चुकलं,’ तो म्हणाला. मॅडम ‘असू द्या’ म्हणून पुढे गेल्या.

फॉर्मच्या उजव्या कडेला छिद्रांची रेघ होती आणि रेघेपलीकडच्या पट्टीवर फोन नंबर होता. काम झालं की ती पट्टी फाडून नष्ट करायची, म्हणजे मग कुणालाच कुणाचा माग लागत नाही. दुपारी फिरवलेल्या आकड्यांतले पहिले चार त्याच्या लक्षात राहिले होते. उरलेल्यांसाठी मान खाली घालून एकदा पाहिलं की झालं असतं. तो नंबर तिने त्याला दिलेला नव्हता. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, समोरचं सगळं पुसट झाल्यावर बोटांनी चाचपून छिद्रांची रेघ शोधली, आणि पट्टी सावकाश, मधे कुठे चिरू नये म्हणून फार जपून, फाडून काढली.